लराईचं चित्र सुकत नाही

माझ्या भावाची मुलगी लराई शिकायला म्हणून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की पोरगी शांत आहे, खायला फारसं लागत नाही आणि नमाज चुकवत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पण हिला चुकलेलं काहीही बघवत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि एखादी गोष्ट चुकलेली नसली तरी हिला ती चुकलेलीच वाटते, ही गोष्ट तर तिच्या आईबापांनी मुद्दाम लपवली, असं माझं आजही मत आहे.

सामारू गावच्या मोठ्या रस्त्याला माझं औषधांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मी ते एकटीच चालवते आणि बरं चालवते. गिऱ्हाइकाला मी सांगावं, "हे मलम न्या, मागच्या वर्षी माझ्या शेजारणीची खरूज ह्यानंच गेली," की मागून आवाज यायचा, "गोग्गो, मागच्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी. आणि शेजारणीची नाही, तिच्या सासूची." गोग्गो म्हणजे आत्या. हा शब्द ती इतक्या गोड आवाजात म्हणते की गिऱ्हाईक हसतं, आणि मला दात आवळून मलम कागदात गुंडाळावं लागतं.

घरात तीच तऱ्हा. डोक्याचं फडकं बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. मी अंथरलेली चादर ओढून सरळ करायची. कालवणात मीठ बरोबर पडलं असलं तरी चव घेऊन आणखी चिमूटभर टाकायचं, मग खारट झालं म्हणून पाणी घालायचं, मग पातळ झालं म्हणून बाओबाबच्या पानांची पूड घालायची. शेवटी जे ताटात यायचं ते कालवण नसायचं, भांडणानंतरची समजूत असायची.

आता अशा मुलीनं काय शिकायला घ्यावं? इथल्या कलाशाळेत माती आहे, लाकूड आहे, कापडाची छपाई आहे. माती चुकली तर मोडून पुन्हा गोळा करता येते. पण पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच जलरंग असतात, आणि त्यात पास झाल्याशिवाय पुढं पाऊल टाकू देत नाहीत. पेन्सिलीनं लराई असं काढते की बघत राहावं. तिनं माझा हात काढला होता, औषधाची बाटली धरलेला. त्यातल्या शिरा बघून मला माझंच वय कळलं. पण हातात ओला ब्रश आला की पोरीचं डोकं फिरतं.

तिचे मास्तर, मालम बित्रुस, उंच आणि काटकुळे. खोकल्याचं औषध ते माझ्याच दुकानातून नेतात, म्हणून ह्या सगळ्या प्रकरणाची दुसरी बाजूही मला ऐकावी लागली. ते म्हणायचे, "हाजिया, जलरंगात शिकवण्यासारखं फार काही नाही. एकदा रंग लावला की हात काढून घ्यायचा. पाणी पुढचं काम करतं. मी वर्गात दिवसभर एकच शब्द बोलतो. सोड. बाकीची पोरं सोडतात. तुमची भाची सोडत नाही. ती चित्र काढत नाही, चित्राची झडती घेते."

"मग ओरडा की तिला."

"ओरडलो. तर म्हणाली, मालम, तुम्ही 'सोड' दोनदा म्हणालात, पहिल्यांदा सोडलं होतं."

पहिल्या सहामाहीत ती जलरंगात नापास झाली. पेन्सिलीत वर्गात पहिली, आणि जलरंगात नापास. निकाल ऐकून माझ्या भावाचा फोन आला. ममुदा माझ्याहून धाकटा आहे, फुंटुआच्या बाजारात ज्वारी-बाजरीचा ठोक व्यापार करतो, आणि त्याला वाटतं की जगातली प्रत्येक गोष्ट पोत्यात भरून शिवता आली पाहिजे.

"याया," तो मला म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, "पेन्सिलीचं मला समजतं. हे पाण्याचं काय आहे? पाण्यानं माल खराब होतो, एवढं मला माहीत आहे."

"माल नाही तो, ममुदा. चित्र आहे."

"चित्र तर चित्र. ऐक, वर्षअखेरीला ती ह्या पाण्यात पास झाली, तर राहू दे तिला तुझ्याकडे तीन वर्षं, माझी हरकत नाही. नाही झाली, तर मी गाडी घेऊन येतो. इथं आरोग्यसेविकेच्या शाळेत तिच्यासाठी जागा बोलून ठेवलीय. तेही चांगलंच काम आहे."

चांगलंच काम आहे, ते मीही जाणते. पण लराईनं फोनचं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून अशी रडली की मला दुकान लवकर बंद करावं लागलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तीन नाही, गोग्गो. अजून चार वर्षं असतात." मी हात काढून घेतला.

वर्षअखेरीची परीक्षा म्हणजे सुट्टीत घरी काढून आणायचं एक मोठं चित्र. विषय ओळखीची जागा. आणि ही सुट्टी नेमकी हरमाटनमध्ये. उत्तरेचा तो कोरडा वारा सुटला की आमच्याकडे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दाराच्या फळ्या आक्रसतात आणि भाताच्या प्रत्येक घासात वाळवंट लागतं. माझ्या दुकानात त्या दिवसांत औषधांपेक्षा ग्लिसरीन जास्त खपतं. बायका येतात, बाटली नेतात, पोराबाळांच्या हातापायांना चोपडतात.

माझ्या घरात मात्र वेगळीच बोंब. जेवणाच्या वाट्या रंगाच्या पाण्यानं भरलेल्या, माझा चांगला टॉवेल निळा, पाटावर कागद चिकटवलेला आणि त्यापुढं लराई रडकुंडीला आलेली.

"गोग्गो, आकाश लावायला घेते, तर ब्रश ह्या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत हे टोक वाळून जातं. मग मध्ये रेघ पडते. पुस्तकात लिहिलंय, कागदावरची चमक जाईपर्यंत थांबा. चमक येतच नाही तर जाणार कशी?"

"पुस्तक कुठलं आहे?"

"विलायतेचं."

"तिथं वर्षभर पाऊस असतो. त्यांना काय कळतंय हरमाटन."

"मग मी काय करू?"

मला काय माहीत? मी औषधं विकते. मी म्हणाले, झोप जा. पण ती झोपली नाही. माझ्या हातांकडे बघत बसली. मी नुकतंच ग्लिसरीन चोळलं होतं आणि बोटं चकाकत होती.

"हे पाण्यात मिसळतं का?"

"मिसळतं की. मिसळूनच लावायचं असतं. हवेतला ओलावा धरून ठेवतं, लवकर सुकू देत नाही."

हे वाक्य बोलून झालं आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आपण काहीतरी फार मोठं ज्ञान दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं रंगाच्या पाण्यात चार थेंब टाकले. आणि खरंच, आकाश लागलं. वरून खाली, एकसारखं, कुठं रेघ नाही की डाग नाही. कागद बराच वेळ चमकत राहिला. तिनं मला हात धरून दुकानातून ओढत आणलं ते बघायला. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

पण मग तिच्या लक्षात आलं की ग्लिसरीन जास्त घातलं तर रंग जास्त वेळ ओला राहतो. आणि रंग ओला असेतोवर त्यात हात घालता येतो. आता सांगा, जी मुलगी सुकलेल्या चित्राला सोडत नव्हती, ती न सुकणाऱ्या चित्राला सोडणार आहे का? थेंबांचा चमचा झाला. बाटली रिकामी झाली की ती फळीवरून दुसरी न्यायची. मी विचारलं की म्हणायची, "तीच आहे, गोग्गो," आणि लगेच, कारण हिला खोटंही अर्धवट बोलता येत नाही, "म्हणजे तिच्या पुढची."

एकामागून एक कागद चिखलाच्या रंगाचे होऊन गेले. माणसं काढली तर त्यांचे चेहरे विरघळून खांद्यावर आले. एका बकरीला तर तिनं इतक्यांदा दुरुस्त केलं की शेवटी ती बकरी होती की पाण्याची टाकी, हे तिलाही ओळखू येईना. मी रागानं म्हणाले, "लराई, पुरे आता, खाऊन घे." उत्तर ठरलेलं होतं. "फक्त ही सावली, गोग्गो." त्या एका सावलीपायी माझी बाजरीची पेज थंडगार झाली आणि कोसाईचे वडे चामड्यासारखे झाले. शिवाय चित्राच्या ओलेपणावर धूळ येऊन बसायची, ती पुसायची, मग पुसलेलं दुरुस्त करायचं. वैताग नुसता. मी तिला ओरडले, समजावलं, शपथ घातली. एकदा ब्रश लपवला, तर तिनं कापसाच्या काडीनं काम चालू ठेवलं, आणि त्या काड्याही माझ्याच दुकानातल्या.

शेवटचा कागद उरला तेव्हा तिनं आमच्या दुकानासमोरचा कडुनिंब काढायला घेतला. त्याखाली मोटरसायकलवाले उभे असतात, मागं चुन्यानं पांढरी केलेली भिंत आहे, वर सगळं आकाश. शुक्रवारी तिनं आकाश लावलं. लावून होतंय तोच दुकानात गर्दी झाली, जुम्म्याच्या नमाजाआधी होते तशी, आणि मी अशी हाक मारली की तिला ब्रश टाकून यावंच लागलं. ती परत गेली तोवर संध्याकाळ झाली होती. म्हणून ते आकाश वाचलं. हरमाटनचं असतं तसंच आलं होतं, ना निळं ना करडं, खाली जाता जाता दुधाळ. मी म्हणाले, "आता ह्याला हात लावलास तर बघ."

आकाशाला तिनं हात लावला नाही. पण त्याची सगळी भरपाई कडुनिंबावर केली. शनिवार सकाळपासून ती त्या झाडाच्या मागं लागली. एकेक फांदी घातली, पुसली, घातली. भिंतीचा पांढरा म्हणजे नुसता कोरा कागद सोडायचा असतो, तोही तिला कोरा बघवेना, म्हणून त्यावर सावल्या आल्या, सावल्यांवर डाग आले. रविवारी दुपारी मी तिला दंड धरून उठवलं. चित्र अजून ओलंच होतं, बोट लावलं तर चिकटेल असं. धूळ बसू नये म्हणून आम्ही त्यावर जेवण झाकायची मोठी जाळी ठेवली. सोमवारी सकाळी ते शाळेत द्यायचं होतं.

आणि नेमका त्याच रविवारी संध्याकाळी ममुदा आला. निकाल लागेपर्यंत राहतो म्हणाला. इथल्या कोंबडीखाद्याच्या कारखान्याशी त्याचं काही बोलणंही होतं. खरं सांगायचं तर गाडी रिकामीच आणली होती, आणि मागची सीटही झाडून पुसून ठेवली होती. लराईनं ते पाहिलं आणि आत निघून गेली.

माझ्या ह्या भावाला एक खोड आहे. धान्याच्या बाजारात आयुष्य गेलं, त्यामुळं कोणत्याही गोष्टीत अंगठा दाबून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पाव दाबतो, गादी दाबतो, कलिंगड दाबतो, एकदा माझ्या भिंतीचा नवा गिलावाही दाबून बघितला होता. तो हातपाय धुऊन आत आला, मेजावर जाळी दिसली, त्याला वाटलं खायला झाकून ठेवलंय. त्यानं जाळी उचलली.

"हे तिचं चित्र का? हे अजून ओलं दिसतंय," तो म्हणाला, आणि मी "अरे" म्हणेपर्यंत त्यानं आकाशात, कडुनिंबाच्या बरोबर वर, अंगठा दाबला.

अंगठा निघाला तेव्हा चिक्क असा आवाज आला. आकाशात त्याच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या, आमच्याकडे मतदानाच्या कागदावर उमटतात तशा.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो पन्नाशीचा माणूस, हाजी होऊन आलेला, पण अंगठा बाहेर काढून लहान पोरासारखा उभा राहिला. "कालचं चित्र आज ओलं असेल असं मला काय माहीत?" तो म्हणाला.

"परवाचं, बाबा," लराई दारातून म्हणाली.

ती जवळ आली. अंगठ्याकडे बघत राहिली. मग ब्रश उचलला, पाण्यात बुडवला, टोक केलं. "कर दुरुस्त," मी म्हणाले, "अजून ओलं आहे. एवढं बुजवून टाक. उद्या द्यायचंय, लराई, सगळं ह्यावर आहे. कर ना."

तिनं ब्रश कागदाच्या अगदी जवळ नेला. तिथंच धरला. आणि मग वाटीच्या काठावर ठेवून दिला.

"नको, गोग्गो. मी हे बुजवलं तर शेजारी डाग पडेल. मग तो बुजवीन. मग उजाडेपर्यंत सगळं आकाश पुन्हा करत बसेन. मी मला ओळखते."

"अगं पण तो अंगठा..."

"राहू दे."

त्या मुलीच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि तेही नको त्या वेळी. मला तिला हलवावंसं वाटलं. सगळं वर्ष दुरुस्त करत बसली, आणि खरोखर दुरुस्त करायचं होतं तेव्हा ब्रश ठेवला. सोमवारी ते चित्र अंगठ्यासकट शाळेत गेलं.

निकाल गुरुवारी लागला. जलरंगात नापास.

ममुदा स्वतः फळ्यावर वाचून आला आणि तसाच बाहेर निघून गेला. लराई दुकानात, मागच्या बाकावर बसून राहिली. रडली नाही, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. थोड्या वेळानं मालम बित्रुस आले. खोकत होते, पण ह्यावेळी औषधासाठी आलेले नव्हते.

"मालम, तो अंगठा तिचा नव्हता," मी त्यांना बसायच्या आत म्हणाले. "माझ्या भावानं दाबला. त्याचे मार्क कशाला कापले तुम्ही पोरीचे?"

"अंगठ्याचे?" ते वैतागून म्हणाले. "हाजिया, अंगठ्याचा मी एकही मार्क कापला नाही. आकाशाला तिला पूर्ण मार्क आहेत. ह्या वर्षी वर्गातल्या कुणाला आकाशाला तेवढे मिळाले नाहीत. एकदा लावलंय आणि हात काढलाय. अंगठा पडला तोही तसाच ठेवलाय. हे शिकवायला मला वर्ष लागलं." मग ते लराईकडे वळले. "पण झाड? झाडाचं काय केलंस तू? आणि भिंत? माझ्याकडे इतकी मळकी पांढरी भिंत कधी आलेली नाही. आकाशावर पास करता आलं असतं तर केलं असतं. चित्राला खालचा भागही असतो."

"हो, मालम," लराई म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसलीस तर पास होशील. हे मी उगाच बोलत नाही." ते उठले. "पण ते ग्लिसरीन बंद कर. माझं कपाट चिकटलंय."

पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष ममुदाच्या हातात होतं, आणि ममुदाचा शब्द म्हणजे शिवलेलं पोतं.

माझ्या घरात बायका-पुरुष एकाच चटईवर जेवतात, माझ्या नवऱ्याची तशी पद्धत होती. त्या संध्याकाळी मी तुवो, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, केला होता, पण कुणाचा हात पुढं होईना. ममुदा बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत होता. नखाच्या कडेला अजून थोडा रंग होता.

"मी दिवसभर बाजारातून फिरलो," तो शेवटी म्हणाला. "विचार केला. आमच्याकडे रीत आहे. माल बघायला म्हणून कुणी पोतं फोडलं आणि माल सांडला, तर तो माल ज्यानं फोडलं त्याच्या माथी. विकणाऱ्याला बोल लावायचा नाही. ह्या रीतीवर मी दुसऱ्यांची भांडणं मिटवलीत." त्यानं लराईकडे पाहिलं नाही, ताटाकडेच पाहत बोलला. "तुझं आकाश मी खराब केलं. त्यानं तू नापास झालीस. मग तुला गाडीत घालून नेणं मला शोभत नाही. एक वर्ष आणखी राहा. पुन्हा बस परीक्षेला. आरोग्यसेविकेची जागा मी सोडून देतो."

लराईचं तोंड उघडलं.

ते उघडणं मला चांगलं ओळखीचं आहे. ओठ जरासे पुढं येतात, मान किंचित तिरकी होते, आणि मग येतं, "नाही, बाबा, आकाशाला पूर्ण मार्क आहेत, मी झाडात नापास झाले." ते वाक्य मला तिच्या जिभेवर दिसत होतं. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी तिच्याकडे बघू नये म्हणून कालवणाच्या भांड्याकडे बघू लागले.

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

"काय म्हणत होतीस?" ममुदानं विचारलं.

"काही नाही, बाबा," लराई म्हणाली. तिनं तुवोचा घास मोडला, कालवणात बुडवला आणि खाली बघून खायला लागली.

ममुदाचा चेहरा सैल झाला. तोही जेवू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "याया, बरोबर केलं ना मी? अंगठ्यामुळंच गेलं ना तिचं वर्ष?"

वर्षभर मी ह्या पोरीला तोंड मिटायला सांगत आले. आणि आता खरं काय ते माझ्याच घशाशी येऊन बसलं होतं. मी पाण्याची वाटी उचलली, सगळी एका दमात प्यायले, आणि त्याला आणखी कालवण वाढलं.